गरम झऱ्यांशेजारी बोअर मारण्याआधी

महोदय,

कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा विषय निघाला की ‘खाली ज्वालामुखी आहे’ असं हटकून कुणीतरी सांगतं. आपला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याची धग आता कुठली उरायला! पावसाचं पाणी कातळाच्या चिरांतून खोल उतरतं, तिथल्या ऊन खडकात तापतं आणि दुसऱ्या चिरेनं वर येतं, इतकाच हा मामला.

घरी तांब्याचा बंब असलेल्यांना हे चटकन कळेल. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर पडतं. इथे नरसाळं म्हणजे उंचावरचे डोंगर आणि तोटी म्हणजे उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरी इथले झरे. उन्हवऱ्याला पाणी ७० अंशांच्या आसपास असतं. कुंडाच्या काठावर बसून बोट बुडवलं, तर लगेच मागे घ्यावं लागतं. इतक्या गरम पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, २० अंशांच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी होते, म्हणून अरुंद चिरेतूनही ते सहज सरकतं. शिवाय ते हलकं होतं आणि वर चढतं.

पण उष्णता वाट मोकळीच करते असं नाही. तापलेला खडक फुगून चिरा आवळतो. पाणी तापलं की बंबात चुना धरतो, तसा तो चिरांतही धरतो. सिलिकाचं, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचं, उलटं: ती गरम पाण्यात विरघळते आणि पाणी वर येऊन निवताना चिरेत साचते. विहिरी खणताना कातळाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिकही असेच, फार पूर्वी कातळातून झिरपलेल्या पाण्यातून साचलेले.

सांगायचं कारण, आमच्या तालुक्यातल्या एका झऱ्याजवळ रिसॉर्टसाठी बोअर मारायचं घाटतंय. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला असाच उपसा वाढून गरम पाण्याची कारंजी मंदावली. अखेर १९८६ मध्ये सरकारनं पोहुतू कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतली बोअर बंद करायला लावली, तेव्हा कारंजी सावरू लागली. तिथला खडकही ज्वालामुखीचाच, आणि खाली धगही आपल्यापेक्षा कितीतरी जास्त; तरी तिथे ही गत झाली.

निदान एक वर्षभर, पावसाआधी आणि पावसानंतरही, या झऱ्याचं तापमान आणि मिनिटाला किती बादल्या पाणी येतं याची नोंद ठेवावी. थर्मामीटर, घड्याळ आणि बादली, एवढंच लागेल. तोवर बोअरची परवानगी थांबवावी.

– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)