पुस्तक स्कॅन केलं की चोरीच का?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

पुस्तकांच्या डिजिटायझेशनवरची पत्रं वाचतोय. एक जण म्हणतो स्कॅन म्हणजे सरळ चोरी, दुसरा म्हणतो ज्ञान फुकटच पाहिजे, आणि दोघांनाही हे दिसत नाही की भांडण स्कॅनिंगचं नाहीच मुळी, स्कॅन झाल्यावर वाचकाच्या हाती काय पडतं याचं आहे.

अमेरिकेतल्या दोन केस बघा. गूगलने लायब्रऱ्यांमधली 2 कोटींच्या वर पुस्तकं लेखकांना न विचारता स्कॅन केली, 2005 ला ऑथर्स गिल्ड ही तिथली लेखकांची संघटना कोर्टात गेली, आणि 2015 मध्ये अपील कोर्टानेही हा फेअर यूजच (म्हणजे परवानगी न घेताही कायद्याला चालणारा वापर) म्हटलं. का, तर सर्च केल्यावर दिसायचा तो पानाचा साधारण आठवा भाग, एका शब्दासाठी फार तर तीन तुकडे, आणि दर दहातलं निदान एक पान कायमचं बंद. डिक्शनरी, पाककृती, हायकू यांचा तर तुकडाही दाखवायचे नाहीत, कारण तिथे तेवढ्यातच काम होतं, मग पुस्तक विकत घेतंय कोण! (मला विचाराल तर अख्ख्या केसमधलं सगळ्यात शहाणं काम हे.)

इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा डिजिटल लायब्ररीचं उलटं झालं. ते आख्खं पुस्तक वाचायला द्यायचे, जितक्या छापील प्रती तितक्याच डिजिटल, लायब्ररीसारखं. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे लायब्रऱ्या बंद पडल्या तेव्हा त्यांनी ती मर्यादाच उठवली, जूनमध्ये चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले, आणि 2023 ला अर्काइव्ह हरलं, 2024 ला अपीलमध्येही. आणि नुसती मर्यादा उठवली म्हणून नाही हां, एका प्रतीला एक हा हिशोबसुद्धा कोर्टाने मानला नाही, कारण लायब्ररीला विकत मिळणाऱ्या ईबुकच्या जागी हे फुकटचं पुस्तक बसत होतं. मला वाईट वाटलं, पण तर्क पटला.

आता खरं दुखणं. ज्या पुस्तकाची आवृत्ती संपून जमाना झाला, प्रकाशक बंद पडला, लेखक गेला, वारस कोण आणि कुठे कुणालाच माहीत नाही, त्याचं काय? ते विकतही मिळत नाही आणि कॉपीराइट संपलेला नाही म्हणून कुणी आख्खं ऑनलाइन टाकतही नाही. त्यात मुदत वाढतच जाते, अमेरिकेने 1998 मध्ये ती 20 वर्षांनी वाढवली म्हणून 1923 ला छापलेली पुस्तकं खुली व्हायला 1 जानेवारी 2019 उजाडावा लागला. इतक्या वर्षांत कागदाचा भुगा होतो हो!

युरोपने यावर निदान काहीतरी केलंय. 2012 च्या नियमानुसार लायब्ररीने मालकाचा नीट शोध घ्यायचा, नाहीच सापडला तर पुस्तक ऑनलाइन ठेवायचं, पुढे मालक आला तर त्याला थांबवता येतं आणि भरपाईही मिळते. 2019 मध्ये बाजारातून गेलेल्या पुस्तकांसाठीही वाट काढली, ज्या लेखकाला नको असेल त्याने कळवायचं. मला हेच बरोबर वाटतं. चालू पुस्तकाला हात लावू नका, लेखकाचं पोट त्यावर आहे, पण जे प्रकाशकाने स्वतःच वाऱ्यावर सोडलंय तिथे नको म्हणायची जबाबदारी मालकावर टाका. न विचारता घेतलं म्हणून ओरडणाऱ्यांनी अशा पुस्तकाबाबत विचारायचं कुणाला तेही एकदा लिहून पाठवावं.

आपला,
एक नियमित वाचक