बोहारणीने परत केलेली सुती साडी आम्हाला द्या

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या सार्वजनिक शौचालयाची देखभाल वस्तीतलीच समिती करते. त्या समितीचं हे आवाहन. नवरात्राआधीची आवराआवर आता घरोघरी सुरू होईल. बोहारणीने उलगडून पाहिलेली, ‘ही विरलीय, नाही चालणार’ म्हणून परत केलेली सुती साडी हाती आली, तर तिचं पायपुसणं करू नका. ती आम्हाला हवी आहे. धुतलेले हात कोरडे करायला.

बेसिनपाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. हात नळाखाली जातात, दोनदा झटकले जातात, उरलेलं पाणी पँटला किंवा पदराला पुसलं जातं आणि तोच ओला हात दाराच्या कडीवर पडतो. कडी ही शौचालयातल्या सर्वांत वाईट जागांपैकी एक. आपण पाण्याने धुणारी माणसं. संडासाची आतली कडी उघडतो तेव्हा हाताला साबण लागलेला नसतो. पाण्याच्या मगचा दांडा आणि नळाची मूठ यांचंही तेच. टायफॉइड, कॉलरा, कावीळ, लहान मुलांचे जुलाब हे सगळे याच वाटेने हातावरून तोंडात जातात. त्यात हात ओला असला की जंतू त्याला चिकटतातही जास्त आणि त्याच्यावरून पुढे जातातही जास्त. साबणाने सुटे झालेले पण कातडीवर रेंगाळलेले जंतू घासून पुसताना निघून जातात. म्हणून पुसणं हा धुण्याचाच शेवटचा भाग आहे, आणि आमच्याकडे आज त्याचीच सोय नाही.

खिळ्याला एक टॉवेल अडकवणं हा उपाय नव्हे. दहाव्या माणसापर्यंत तो ओलाचिंब होतो आणि पुढच्या प्रत्येकाला आधीच्यांचे जंतू देतो. गरम हवेच्या यंत्राखाली हात कोरडे व्हायला ३० ते ४० सेकंद लागतात. माणूस दहाव्या सेकंदाला निघून जातो, आणि यंत्र हवा ओढतं ती शौचालयातलीच. कागदी नॅपकिन चांगले, पण ते ओले झाले तरी फाटू नयेत असेच बनवलेले असतात. कोणी संडासाच्या भांड्यात टाकले की विरघळत नाहीत, लाइन तुंबते. राहिला एकच मार्ग : एकदा वापरून बादलीत टाकायचा, धुऊन परत आणायचा सुती तुकडा.

तुकडा २० बाय २० सेंटिमीटरचा. एका सहावारी साडीतून असे साधारण १३५ निघतात, नऊवारीतून २०० च्या आसपास. रोज ४०० वापर धरले आणि एक संच वापरात, एक धुण्यात, एक दोरीवर असा हिशेब केला तर १२०० लागतात. फाटणारे, हरवणारे धरून आम्ही १५०० करणार आहोत. म्हणजे बारा साड्या पुरेत. धोतर, पंचा, जुनी चादर, सुती सदराही चालेल. जुनं कापड मुद्दाम मागतो आहोत. नव्याला खळ असते, ते पाणी लवकर टिपत नाही. वीस वर्षं धुतलेली साडी ताबडतोब टिपते. टेरिकॉट किंवा सिंथेटिक मात्र नको. खात्री नसेल तर कडेचा एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून भुरकट राख होते, सिंथेटिक वितळून त्याचा टणक मणी होतो.

कापलेल्या कडा तशाच ठेवल्या तर दोन-तीन धुण्यांत दोरे सुटतात, बेसिनच्या वेस्ट कपलिंगमध्ये, म्हणजे तळाच्या जाळीत, गुंततात आणि पाणी साचतं. चारही कडांना इंटरलॉक, म्हणजे दोरे सुटू न देणारी शिलाई, हवं. एका तुकड्याची कड ८० सेंटिमीटर, १५०० तुकड्यांची १२०० मीटर. फॉल-पिकोचं काम करणाऱ्या ताईंनी प्रत्येकी शंभर-शंभर तुकडे घेतले तर पंधराजणींत हे काम होईल. दोरा आम्ही देऊ.

धुलाईची पद्धत ठरवून ठेवली आहे. आधी डिटर्जंटने धुणं, कारण मळ राहिला तर ब्लीचची ताकद त्यातच संपते. मग १० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच १०० मिलीलिटर, त्यात अर्धा तास भिजवणं, खळखळून धुणं आणि कडक उन्हात वाळवणं. ब्लीचची बाटली संडासाची भांडी घासायच्या अ‍ॅसिडपासून दूर, वेगळ्या कपाटात राहील. ही दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरिन वायू सुटतो. घरातही हे लक्षात असू द्या. अडचण पावसाची आहे. दमट हवेत तुकडे नीट वाळले नाहीत तर कुबट वास येतो आणि लोक ते हातात घेत नाहीत. ज्या सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिने दोन दोऱ्यांपुरती जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

नळही बदलायचे आहेत. आताचे फिरवायचे नळ घाण हाताने उघडावे लागतात आणि स्वच्छ हाताने बंद करावे लागतात. तिथेच सगळं फुकट जातं. लांब दांड्याचे, कोपराने चालणारे अर्धा इंची ४ नळ हवेत. दाबून सोडायचे पुश कॉक कृपया देऊ नका. आमची टाकी बेसिनपासून ३ मीटरच उंच आहे, म्हणजे दाब ०.३ बार. इतक्या दाबाला त्यांची धार बारीक येते, आणि आत गाळ अडकला की ते वाहतच राहतात. पितळेचे नळ चोरीला जातात, त्यामुळे दणकट प्लास्टिकचे मिळाले तर उत्तम. सोबत प्रत्येक नळाचं पाणी वेगळं बंद करणारे ४ अँगल कॉक, म्हणजे एक नळ बिघडला तर सगळ्यांचं पाणी तोडावं लागणार नाही.

साबण साधा द्रव हवा. एका वेळी दीड मिलीलिटर धरला तर दिवसाला ६०० मिलीलिटर, महिन्याला १८ लिटर. ‘जंतुनाशक’ लिहिलेला महागडा नको, साधा तितकंच काम करतो. उरलेल्या साबणात नवा ओतत राहिलं की डब्यातच जंतू वाढतात, म्हणून प्रत्येक डबा रिकामा करून, धुऊन, वाळवूनच भरला जाईल. सॅनिटायझर देऊ नका; मळक्या हातावर तो नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

बेसिनवर रंगवायच्या पाटीचा मजकूर असा : हात ओले करा, नळ बंद करा, साबण घ्या, २० सेकंद चोळा. तळवे, मागची बाजू, बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. बांगड्या-अंगठी वर सरकवा. धुवा, पुसा, तुकडा बादलीत टाका. यातले अंगठे आणि नखांची टोकं हमखास राहतात, त्यामुळे ती अक्षरं लाल रंगात येतील. पाटी रंगवून देणारं कोणी असेल तर सांगा.

कापड धुऊन, वाळवून, घडी करून आणा. फॉल आणि जरीचे काठ उसवलेले असतील तर आमचं अर्धं काम वाचेल. शौचालयाच्या केबिनमध्ये सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ या वेळात समितीचा माणूस बसतो. वस्तूची नोंद वहीत होईल आणि सही करून पावती मिळेल. रोख रक्कम घेत नाही. पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या २ बादल्या, तुकडे ठेवायला झाकणाचा १ स्टीलचा डबा आणि कपडे वाळवायचे २०० चिमटे एवढं अजून यादीत बाकी आहे.