सोनेगावहून गेलेल्या पाटल्या

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय : परदेशी जाताना अंगावर असलेल्या जुन्या सोन्याची नोंद निघतानाच करून देण्याबाबत

महोदया,

मुलांना अर्ज लिहायला शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली, म्हणून विषय एका ओळीत बसवला. पुढचं मात्र एका ओळीत बसणारं नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि आमचे हे शारजाला गेलो. आमचा दोघांचाही हा पहिलाच परदेश. माझ्या हातात सासूबाईंच्या पाटल्या होत्या, साडेचार तोळ्यांचा जोड. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात घडवलेल्या, माझ्या लग्नाच्याही आधीच्या. त्या मी काढत नाही. काढायच्या तर साबण लावून अर्धा तास बसावं लागतं.

पैशांचं आम्हाला सगळं नीट कळलं होतं, आणि ते सांगितलं बर्डीवरच्या एका मनी चेंजरने. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन कार्ड बघून त्याने आम्हाला समोर बसवलं. म्हणाला, काकू, पन्नास हजार किंवा त्याच्या वरची रक्कम रोख घेत नाही, चेक द्या. परकीय नोटा माणशी ३,००० डॉलरपर्यंतच्याच न्या, बाकीचे कार्डावर टाका. आपले रुपये माणशी २५,००० च्या आत ठेवा. येताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा असतील तर विमानतळावर फॉर्म भरा. परत आल्यावर २,००० डॉलरपेक्षा जास्त उरले तर ते १८० दिवसांच्या आत विकून टाका. आणि तिकडे दुकानातल्या मशीनने ‘रुपये की दिरहम’ विचारलं तर दिरहमवरच बोट ठेवा, रुपये म्हटलं की भाव ते लावतील तो. हे सगळं त्याने एका चिठ्ठीवर मराठीत लिहूनही दिलं. ५,००० डॉलर तर आम्ही जन्मात बघितले नाहीत, पण चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे.

खाण्याच्या सामानाचं सांगितलं शेजारच्या काकूंनी, त्यांचा मुलगा दुबईत असतो म्हणून. मुलीला सावजी रस्सा हवा होता, मी किलोभर मसाला कुटून डबा भरला होता. काकूंनी आदल्या रात्री येऊन विचारलं, यात खसखस आहे का गं? अहो, खसखशीशिवाय सावजी कसला! त्यांनी कपाळाला हात लावला. अमिरातीत खसखस न्यायला सक्त बंदी आहे, त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. डबा तिथेच राहिला. दुसऱ्या देशाचा कायदा काही आपल्या हातात नाही, हे मला कळतं. पण नागपुरातून आखातात जाणाऱ्या दर दुसऱ्या बॅगेत हा मसाला असणार, आणि त्याची सूचना काय ती शेजारच्या काकूंच्या भरवशावर!

म्हणजे मनी चेंजर झाला, शेजारीण झाली. राहिलं सरकार. आमचा विमानतळ सोनेगावला आहे, पण तिथे सोन्याबद्दल आम्हाला कुणी चकार शब्द सांगितला नाही. बॅगा दिल्या, शिक्के मारून घेतले, विमानात बसलो.

परतीचं तिकीट स्वस्त पडलं म्हणून दुसऱ्या एका शहरातून घेतलं. कोणत्या ते लिहीत नाही, कुणाच्या नोकरीवर यावं अशी इच्छा नाही. सामानात जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, म्हणजे ग्रीन चॅनेलमधून, निघालो तर एका कस्टम अधिकाऱ्याने बाजूला घेतलं. ‘ये कहाँ से लिए?’ सासूबाईंचे आहेत म्हटलं. ‘बिल है?’ सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यांच्याकडे तरी बिल कुठून असणार! हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक आला २०२१ मध्ये, या पाटल्यांवर सराफाचा ठसासुद्धा झिजून गेलेला. बाईमाणसाला चाळीस ग्रॅम ड्युटी न भरता चालतात ना, असं यांनी विचारलं. ती सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना, असं उत्तर आलं. मी राहिले दोन महिने.

गंमत म्हणजे बारशासाठी शारजाला घेतलेली इवलीशी अंगठी पर्समध्ये होती. तिचं बिल होतं. ते बघून त्यांनी लगेच परत दिली.

शेवटी यांनी मोबाइलमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो शोधले. एका फोटोत मी अक्षता टाकते आहे, हात वर, पाटल्या स्पष्ट. वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी फोटो मोठा करून डाव्या पाटलीवरचा पोचा माझ्या हातातल्या पोच्याशी ताडून बघितला आणि जा म्हणाल्या. त्यांचे उपकार मानते. तोवर दीड तास गेला होता, नागपूरचं विमानही.

जाता जाता त्या म्हणाल्या, जातानाच एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असतं. निघताना दागिना कस्टमला दाखवायचा, त्याचं वर्णन आणि वजन लिहून घ्यायचं, मग परतताना तो आपलाच धरतात. सोय चांगली आहे, तक्रार नाही. पण नाव काय ठेवलंय! निर्यात म्हटलं की नागपूरकराला संत्र्यांची पेटी आठवते. हातातल्या पाटल्या कुणी निर्यात करतं का? आपल्या खात्याचं प्रवाशांसाठी ‘अतिथी’ नावाचं ॲप २०१९ पासून आहे, हेही मला घरी आल्यावर मुलाने सांगितलं.

अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. लोक पट्ट्यात, चपलेत सोनं लपवून आणतात, हे पेपरात आम्हीही वाचतो. त्यांनी विचारलंच पाहिजे. पण जे परतताना विचारणार, ते निघताना सांगायला नको? बॅगा द्यायच्या रांगेपाशीच, शिक्के मारण्याच्या आधी, मराठीत आणि हिंदीत एक मोठा फलक लावा : अंगावर सोनं आहे का? इथे नोंद करा. शेजारी एक टेबल, एक वजनकाटा, एक माणूस. परदेशी विमान असेल त्या वेळीच, दिवसभर नको. आमच्याकडून थेट परदेशी जाणारी विमानं आहेतच कितीशी! कागदावर दागिन्याचा फोटो छापा, म्हणजे पुढच्या बाईला लग्नाचे अल्बम उकरावे लागणार नाहीत. जागा उरली तर त्याच फलकावर खसखशीचंही लिहा.

मे महिन्यात आम्हाला पुन्हा शारजाला जायचं आहे. पाटल्या लॉकरमध्ये ठेव, असं यांचं म्हणणं. मी ठेवणार नाही. तोवर सोनेगावला कोणत्या टेबलापाशी उभं राहायचं, तेवढं कळवावं.

आपली,
नागपूरची एक निवृत्त शिक्षिका