पार्क्स हायवेवरील अनोळखी स्नेह्यांस

गेल्या ऑगस्टमध्ये आईला घेऊन आम्ही अलास्कात अँकरेजहून फेअरबँक्सकडे मोटारीने निघालो असताना कँटवेलच्या अलीकडे टायर फुटला. मोबाइलला रेंज नव्हती आणि पाऊसही सुरू झाला होता. त्या वेळी आपली पिकअप थांबवून, चिखलात गुडघे टेकून टायर बदलून देणारे आणि आईच्या हाती थर्मासमधला गरम चहा ठेवून नाव न सांगताच निघून गेलेले ते वृद्ध दांपत्य, त्यांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत.

त्यांच्यामुळेच डेनाली राष्ट्रीय उद्यानातील स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची भेट चुकली नाही. उद्यानाच्या संरक्षित अरण्यभागात हिवाळ्यातील गस्तीसाठी रेंजर आजही हीच कुत्री जुंपतात. कुत्र्यांना आयुष्यभर भ्यायलेल्या आईचा हात धरून तो एका शांत कुत्र्याच्या मानेवर अलगद ठेवणाऱ्या कर्मचारी ताईंचे आभार कसे मानावेत? वरचे केस राठ आणि आतली लव कापसासारखी, असे आई अजूनही सांगते.

नेनाना येथे एका गृहस्थांनी आम्हाला रेल्वे स्थानकापाशी नेऊन १९२५ सालची हकिकत मोठ्या आत्मीयतेने सांगितली: घटसर्पावरील औषध येथूनच निघाले आणि २० चालक व सुमारे १५० कुत्र्यांनी ते टप्प्याटप्प्याने, साडेपाच दिवसांत, बर्फातून अलास्काच्याच पश्चिम किनाऱ्यावरील नोम गावाला पोहोचवले.

यांपैकी कोणाचाही पत्ता आमच्याजवळ नाही, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहोत.