मोठीचा एचएलए मॅच झाला म्हणजे तिलाही ल्युकेमिया होणार का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरमधे ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, बातमी आली होती, हेडिंग असं की हा आजार इम्युनिटीच्या जीन्समधून आईबापाकडून येतो. आतला मजकूर तसा बरा होता, रिस्क थोडी वाढते एवढंच लिहिलेलं, पण हेडिंग वाचून लोक पान उलटतात, आणि आमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. माझ्या धाकटीला चौथ्या वर्षी एएलएल (लहान मुलांत जास्त दिसणारा ल्युकेमिया) झाला, नंतर रिलॅप्स आला, म्हणजे आजार उलटला, म्हणून बोनमॅरो ट्रान्सप्लांट करावं लागलं आणि मोठी डोनर होती, दोघींचा एचएलए पूर्ण मॅच. आता नातेवाइकांचं म्हणणं, जीन्स सारखेच म्हणजे मोठीलाही होणार की! हे फोनवर ऐकून घ्यायला काय वाटतं ते सांगत नाही, पण मोठीनेही ते ऐकलं आणि रात्री मला विचारलं म्हणून हे पत्र.

एचएलए हे सहाव्या क्रोमोसोमवरचे जीन्स, डोनर आणि पेशंट जुळतात का ते यांच्यावरून बघतात. त्यांच्यापासून बनणारी प्रोटीन्स पेशीच्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर धरून दाखवतात आणि टी-पेशी (इम्युन सिस्टीमच्या पेशी) ते बघून ठरवतात की ही आपली का परकी का बिघडलेली. माणसामाणसात यांचे हजारो प्रकार आहेत. अर्धा सेट आईचा, अर्धा बापाचा, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच व्हायचा चान्स चारात एक. आमचं नशीब की तो लागला.

मग ल्युकेमियाशी संबंध आहे का? तर आहे. १९६४ मधेच उंदरांवर दिसलं होतं की व्हायरसने होणारा ल्युकेमिया कुठल्या उंदराला होतो ते बरंचसं त्यांच्या याच प्रकारच्या जीन्सवर ठरतं. माणसात मात्र चित्र एवढं स्वच्छ निघालं नाही, काही एचएलए प्रकारांचा मुलांच्या एएलएलशी थोडा संबंध दिसला पण एका ठिकाणच्या लोकांमधे जे दिसलं ते दुसरीकडे दिसेलच असं नाही. जास्त ठोस निघाले ते दुसरेच जीन्स, आयकेझेडएफ१, एआरआयडी५बी वगैरे, २००९ च्या अभ्यासातले, आणि ते रक्तातल्या इम्युन पेशी घडतात कशा त्याच्याशी संबंधित आहेत. त्यांचे रिस्कवाले प्रकार भरपूर निरोगी लोकांत असतात. एकेकामुळे रिस्क फार तर दीड-दोन पट होते, पण मुळात हा आजार वर्षाला लाखभर मुलांत तीन-चार जणांना होतो, त्याची दुप्पट केली तरी लाखात सहा-आठच, हा आकडा हेडिंगमधे कोणी का देत नाही?

आणि आमच्याच घरातलं बघा. एचएलएवरूनच ल्युकेमिया ठरत असता तर पूर्ण मॅच झालेली बहीण डोनर झालीच नसती, तीही पेशंट असती. जगभर जी भावंडं मॅच होऊन बोनमॅरो देतात त्यांचा एचएलए पेशंटसारखाच असतो आणि ती ठणठणीत असतात म्हणून तर देऊ शकतात! एकसारख्या जुळ्यांचे तर सगळेच जीन्स सारखे, तरी एकाला दोन ते पाच वर्षांच्या वयात एएलएल झाला तर दुसऱ्याला व्हायचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के, आणि तेही मुख्यतः पोटात असताना एकाच वारेतून एकाच्या बिघडलेल्या पेशी दुसऱ्याच्या रक्तात गेल्यामुळे, जीन्समुळे नाही.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट मेल ग्रीव्हज या ब्रिटिश शास्त्रज्ञाची. पहिला बिघाड बाळ पोटात असतानाच एखाद्या रक्तपेशीत होतो, जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातही तो नंतर शोधून सापडलाय. असे बिघाड शंभरात एक ते पाच बाळांत असतात आणि त्यातल्या अगदी मोजक्यांना आजार होतो, कारण दुसरा बिघाडही व्हावा लागतो. तो बहुतेक पहिल्या वर्षात इन्फेक्शन कमी झालेल्या मुलांत होतो, पुढे साधं इन्फेक्शन आलं की इम्युन सिस्टीम वेडीवाकडी उसळते तेव्हा. वारशाने आलेल्या इम्युन जीन्सचा हात असेल तर तो इथे, या उसळण्यात. म्हणजे पोटातला अपघात, इन्फेक्शनची वेळ, जीन्स, नशीब सगळं एकत्र यावं लागतं. यात आईने काय केलं असतं हो? सासरची एक बाई मला म्हणाली तुमच्याकडूनच आलं असणार. अर्धा सेट त्यांच्या घरचाही आहे.

काही घरांत खरंच वारशाने मोठी रिस्क येते, टीपी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनमधला बिघाड किंवा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा वारशाने येणारा रक्ताचा आजार, तिथे भावंडांची टेस्ट डोनर ठरवायच्या आधी करतातच आणि करायलाच हवी. ते वेगळं, आणि डॉक्टर ते सांगतात. एचएलए टेस्ट मात्र मॅचिंगसाठी असते, ल्युकेमिया होणार की नाही हे ती सांगत नाही, ही एक ओळ त्या बातमीत असती तर बरं झालं असतं.

ट्रान्सप्लांटनंतर धाकटीचा रक्तगट बदलून मोठीचा झाला, तिचं सगळं रक्त आता बहिणीच्या पेशी बनवतात. त्या पेशी आजारी असत्या तर कुठल्या डॉक्टरने त्या घातल्या असत्या? मोठीला मी रात्री हेच सांगितलं, मग ती झोपली. आपण पुढच्या अंकात छोटा खुलासा छापावा ही विनंती.

आपली,
एक वाचक, दोन मुलींची आई