नाके काढण्याआधी तक्रारीची खिडकी उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गांवरचे टोलनाके हटवून कमानीखालून धावत्या गाडीचा टोल परस्पर कापण्याची पद्धत देशात येऊ घातली आहे. सुरतजवळच्या चोर्यासी आणि हरियाणातील घरौंडा या नाक्यांसाठीचे करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. रांगा संपतील, डिझेल वाचेल, सुट्या पैशांची कटकट जाईल. हे सगळे हवेच आहे. पण नाका उठला की वाहनचालकाला हुज्जत घालायची जागाही उठते, आणि याचा विचार कमानी उभ्या करण्याआधी व्हायला हवा. टोलला विरोध करणारा प्रत्येक जण फुकट्या असतो, हा समज आधी मनातून काढावा लागेल. जिथे जिथे इलेक्ट्रॉनिक टोल लोकांनी हाणून पाडला, तिथे रोजच्या हिशेबी नागरिकांनी तो हाणून पाडला आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या गौतेंग प्रांताचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाभोवतीचे सुमारे २०० किलोमीटरचे रस्ते कर्ज काढून रुंद केले गेले आणि ३ डिसेंबर २०१३ पासून तिथे ई-टोल सुरू झाला. नाके नव्हतेच. कमानीवरचा अँटेना टॅग वाचणार, टॅग नसेल तर कॅमेरा नंबरप्लेट टिपणार आणि बिल घरी येणार. न्यायालयाची लढाई सरकार जिंकले होते: एप्रिल २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने उठवली. यंत्रणाही तांत्रिकदृष्ट्या चालत होती. तरीही लोकांनी पैसे भरले नाहीत. बिले जुन्या पत्त्यावर गेली, विकून टाकलेल्या गाड्यांची गेली, बनावट नंबरप्लेट लावून फिरणाऱ्यांची खऱ्या मालकाला गेली. २०१४ मध्ये तिथे टपाल खात्याचा लांबलेला संप झाला, तेव्हा अनेकांना बिल मिळण्याआधीच मुदत उलटून वाढीव दर लागला. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, चर्चच्या धर्मगुरूंनी उघड विरोध केला, आणि ‘आऊटा’ नावाच्या नागरी संघटनेने न भरणाऱ्यांच्या कायदेशीर बचावाची जबाबदारी घेतली.

मे २०१५ मध्ये सरकारने दर कमी केले, महिन्याची कमाल मर्यादा २२५ रँड ठरवली, थकबाकीत ६० टक्के सूट दिली आणि जोडीला धाक घातला की थकबाकी असेल तर गाडीचा वार्षिक परवाना मिळणार नाही. धाक प्रत्यक्षात आलाच नाही. पुढे पैसे भरणाऱ्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास येऊन ठेपले. मार्च २०१९ मध्ये थकबाकीच्या वसुलीसाठी समन्स काढणे थांबवावे लागले, ऑक्टोबर २०२२ च्या अर्थसंकल्पीय निवेदनात कर्जाचा ७० टक्के भार केंद्राने आणि ३० टक्के प्रांताने घ्यायचे ठरले, आणि एप्रिल २०२४ मध्ये ई-टोल कायमचा बंद झाला. कर्ज अखेर करदात्याच्याच माथी आले. मध्ये दहा वर्षे कमानी, कॅमेरे आणि बिलिंगचा खर्च झाला, तो वेगळाच.

फ्रान्समध्ये तर वसुली सुरूही होऊ शकली नाही. साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांवरच्या पर्यावरण करासाठी उभारलेल्या कमानींविरुद्ध २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनी भागातले शेतकरी आणि वाहतूकदार लाल टोप्या घालून उतरले, काही कमानी त्यांनी पाडल्या, काही जाळल्या. सरकारने त्याच महिन्यात कर स्थगित केला आणि वर्षभराने कंत्राट मोडले. कंत्राटदाराला कोट्यवधी युरोंची भरपाई द्यावी लागली. जाळपोळीचे समर्थन कोणीच करणार नाही. पण शेतमाल लांबच्या बाजारात नेणाऱ्या, देशाच्या एका टोकाच्या प्रदेशाला हा कर इतरांपेक्षा जास्त बसतो, हे त्यांचे गणित चुकीचे नव्हते.

आता कमान काम कशी करते ते पाहू, कारण विरोधाचे मूळ तिथेच सापडते. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. अँटेनाच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवरच तो क्षणभर जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. मधे धातूचा अंश असलेली काच किंवा फिल्म आली, टॅग सोलून पुन्हा चिकटवताना त्याचा अँटेना तुटला, किंवा तो काचेवर न लावता डॅशबोर्डवर ठेवला, तर उत्तर येत नाही. नाक्यावर अशा वेळी कर्मचारी हातातल्या रीडरने टॅग वाचतो. कमानीखाली माणूस नाही, म्हणून काम कॅमेऱ्यावर येते. कॅमेऱ्यासमोर असते पावसाळ्यातली चिखलाने माखलेली प्लेट, ट्रकच्या मागे लटकणारी साखळी, ‘दादा’ वाचता यावे म्हणून वळवलेले आकडे, आणि देवनागरी अंक. एकसारख्या अक्षरांच्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटने हे बरेच सुधारते. पण २०१९ पूर्वीच्या वाहनांना त्या बसवण्याची मुदत आपल्या राज्यात किती वेळा वाढवावी लागली, हे सर्वांना ठाऊक आहे.

एक साधा हिशेब मांडतो, आकडे गृहीत धरलेले आहेत. एका कमानीखालून दिवसाला ५० हजार वाहने जातात. शंभरातले ९७ टॅग नीट वाचले गेले, तर १,५०० वाहने कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिली. कॅमेऱ्याने त्यातली ९५ टक्के बरोबर वाचली, तरी रोज ७५ चुका, वर्षाला २७ हजारांहून अधिक, एकाच कमानीवर. यातल्या काही चुकांत टोल बुडतो, काहींत तो भलत्याच्या नावावर पडतो. हे प्रमाण कागदावर नगण्य दिसते. ज्याच्या खात्यातून रत्नागिरीत उभ्या असलेल्या गाडीचा टोल नागपूरजवळ कापला जातो, त्याच्यासाठी ती चूक पूर्ण शंभर टक्के असते.

उभ्या गाडीचा टोल कापला जाण्याचे प्रकार आजही होतात. टॅग वाचला गेला नाही की कर्मचारी वाहन क्रमांक हाताने टाकतो. एक आकडा चुकला की रक्कम तिसऱ्याच्याच खात्यातून जाते. अशा प्रत्येक प्रकरणात वसुली करणाऱ्यावर एक लाख रुपयांपर्यंत दंड लावला जातो, ही चांगलीच गोष्ट आहे. दुसरा नेहमीचा घोळ गाडीच्या वर्गाचा. मोटारीचा टॅग वर्ग ४ चा, छोट्या मालवाहू टेम्पोचा वर्ग २०. नाक्यावरचा संवेदक चाकांच्या जोड्या आणि उंची मोजतो. छतावर सामान बांधलेली जीप किंवा मागे ट्रॉली जोडलेली गाडी त्याला वरच्या वर्गातली वाटू शकते. मग फरकाची रक्कम नंतर, काही दिवसांनी, कापली जाते आणि चालकाला ती कशाची हे कळत नाही. तिसरा घोळ शिल्लक रकमेचा. फेब्रुवारी २०२५ पासून टॅग वाचण्याच्या साठ मिनिटे आधीपासून ते दहा मिनिटांनंतरपर्यंत टॅग काळ्या यादीत, म्हणजे शिल्लक नसल्याने किंवा अन्य कारणाने बंद, असेल तर व्यवहार नाकारण्याचा नियम आला. पण राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती तत्क्षणी कळते, त्यामुळे तिथे रांगेत उभे राहून केलेला रिचार्जही चालतो. राज्य महामार्गांवरच्या काही नाक्यांकडे जुनी प्रणाली असल्याने तिथे यादी ठरावीक वेळानेच ताजी होते. टॅग तोच, बँक तीच, पैसे भरलेले, आणि तरी एका नाक्यावर गाडी सुटते, दुसऱ्यावर अडकते. लोक चिडतात ते यामुळे.

वार्षिक पासचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी (सुरुवातीला ३,००० रुपयांत) २०० फेऱ्या किंवा एक वर्ष अशी सोय आहे, पण ती राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरतीच. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी राज्याचे, म्हणून तिथे त्याच टॅगवरून नेहमीचा टोल कापला जातो. पास विकताना हे ठळक सांगितले, तर निम्मी भांडणे होणारच नाहीत.

आज हाती असलेले हक्क वाचकांनी वापरावेत. टॅग चालू आहे, पुरेशी शिल्लक आहे आणि नाक्याचे यंत्र बिघडले आहे, अशा वेळी टोल न देता पुढे जाण्याचा आणि शून्य रकमेची पावती घेण्याचा हक्क २०१८ पासून नियमात आहे. यंत्र बंद म्हणून पैसे मागितले तर ती पावती मागावी. टॅग खरोखरच चालत नसेल, तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट आकारणी ठरवण्यात आली; म्हणजे यूपीआयनेच भरावे. चोवीस तासांत परतीचा प्रवास असेल तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून एकेरीच्या दीडपटच व्हायला हवेत. परतीला पूर्ण रक्कम कापली गेली तर ती मागता येते. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी वाहनासाठी साधारण साडेतीनशे रुपयांचा मासिक पास मिळतो. गाडी विकली की त्याच दिवशी टॅग बंद करावा आणि नोंदणी पुस्तकावर नाव बदलले गेले की नाही ते तपासावे; नाक्यांच्या काळात ही हयगय खपून गेली, कमानींच्या काळात नोटीस जुन्या मालकालाच येईल. चुकीची कपात झाली तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर आणि टॅग देणाऱ्या बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार करून क्रमांक लिहून ठेवावा. संदेशात व्यवहाराची वेळ आणि नाक्याचे नाव असते. त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा, मग ती पेट्रोलची पावती असो वा सोसायटीच्या कॅमेऱ्यातले चित्र, लगेच जपून ठेवावा. सोसायट्यांचे चित्रीकरण थोड्याच दिवसांत पुसले जाते.

पण पुरावा नागरिकानेच का जमवायचा, हा खरा प्रश्न आहे. कमानीवरच्या कॅमेऱ्याने गाडीचा पुढून आणि मागून फोटो घेतलेलाच असतो. तो फोटो, वेळ, ठरवलेला वर्ग आणि टॅग वाचला की प्लेट, ही माहिती कपातीच्या संदेशातल्या दुव्यावर, मराठीत, लगेच दिसली पाहिजे. वाहनमालकाने आक्षेप घेताच रक्कम गोठवावी आणि ती त्याचीच होती हे वसुली करणाऱ्याने ठरावीक दिवसांत सिद्ध करावे. न केल्यास रक्कम आपोआप परत जावी. थकीत टोल ना हरकत प्रमाणपत्र आणि योग्यता प्रमाणपत्राशी जोडण्याची दिशा केंद्राने घेतली आहे. आक्षेप प्रलंबित असलेली रक्कम त्या थकबाकीत धरली जाणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहायला हवे. नाही तर ट्रकचालक वादातले चारशे रुपये खरे म्हणून भरेल, कारण गाडी उभी राहिली तर दिवसाचे नुकसान त्याच्या कितीतरी पट असते.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या अवस्थेची. केरळमधल्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली खराब रस्ता आणि कोंडीमुळे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. तिथे लोकांना न्यायालयात जावे लागले. कमान तर संगणकावरून चालते. अमुक टप्प्यात काम चालू आहे, दोन मार्गिका बंद आहेत, तेवढ्या दिवसांचा दर कमी, हे एका आदेशाने करता येते. पैसे घेताना सेकंदाचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेने खड्ड्यांचाही ठेवावा.

आणि जमाखर्च. वाहन नोंदणीच्या वेळी रस्ता कर, पेट्रोल-डिझेलवर रस्ते उपकर, त्यावर टोल, असे तीनदा देणाऱ्याला ‘अजून किती वर्षे’ हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. कोल्हापूरकरांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आणि २०१५ च्या अखेरीस शहरातला टोल रद्द झाला. प्रत्येक कमानीमागे प्रकल्पाचा खर्च, आजवरची वसुली, देखभालीवर गेलेली रक्कम आणि उरलेली मुदत दर महिन्याला प्रसिद्ध करायला आता काहीच अडचण नाही, कारण प्रत्येक रुपयाची नोंद आधीच डिजिटल आहे.

राज्यात पहिली कमान जिथे उभी राहील, तिथल्या नाक्याची एक खोली पाडू नये. तिथे चोवीस तास एक अधिकारी बसवावा, त्याला दुरुस्ती आणि परताव्याचे अधिकार द्यावेत, आणि किमान पहिले वर्षभर त्याच्याकडे आलेल्या व निकाली निघालेल्या तक्रारींची यादी दर आठवड्याला त्याच खोलीबाहेर लावावी.

आपला,
रस्ते व टोल या विषयाचा एक अभ्यासक