मार्कच्या शेवटची बारा वचनं

खानापूर

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. येशू खरंच मेलेल्यांतून उठला का, हे पुराव्यानं तपासता येतं का, असं तू सरळच विचारलंस. तपासता येतं. पण पुरावा कुठपर्यंत पोचवतो आणि कुठं थांबतो, तेही सांगतो. श्रद्धावंत काय आणि टीकाकार काय, दोघंही नेमके तिथंच घाई करतात.

शेत विकत घेताना आपण नुसता आजचा उतारा बघत नाही. मागचे फेरफार काढतो, जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते बघतो, मध्येच कुणी नाव घुसडलंय का ते शोधतो, चतुःसीमा शेजाऱ्याच्या कागदाशी ताडतो. इथंही तसंच कर. "बायबल खरं की खोटं" या एका प्रश्नात हे बसत नाही. बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागात, नव्या करारातच, २७ वेगवेगळी लिखाणं आहेत, प्रत्येकाचं वय वेगळं, वजन वेगळं.

बरेच जण शुभवर्तमानांपासून, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूच्या चार चरित्रांपासून सुरुवात करतात. तू पौलाच्या, म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करून पुढं प्रेषित झालेल्या माणसाच्या, करिंथकरांस पहिल्या पत्रापासून कर, कारण ते आधीचं आहे. त्याचा काळ कसा ठरतो बघ. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ मध्ये पौलाला करिंथात गल्लियो नावाच्या सुभेदारापुढं उभं केल्याचं येतं. ग्रीसमध्ये डेल्फीला सम्राट क्लौद्याच्या पत्राचा शिलालेख सापडला, त्यात हाच गल्लियो आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमारास बसते. पौलाचं पत्र त्यानंतरचं, साधारण ५४-५५ चं. वधस्तंभाची घटना ३० किंवा ३३ सालची धरतात. म्हणजे अंतर वीस-पंचवीस वर्षांचं.

आता त्यातला अध्याय १५, वचन ३ ते ७ सावकाश वाच. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिकांना, मग याकोबाला. पौल सांगतो, हे मला मिळालं आणि मी तुम्हाला दिलं. वाक्यांची घडण पाठांतराची आहे, पौलाच्या नेहमीच्या लिहिण्याहून वेगळी. गलतीकरांस पत्रात तो लिहितो की परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमात केफाकडं १५ दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीतल्या दोघांना समोरासमोर भेटलेला माणूस ही यादी देतोय. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात याहून भक्कम कागद नाही.

त्यातही उणं आहे, ते झाकायचं नाही. पाचशे जणांपैकी एकाचंही नाव नाही, त्यांचं स्वतःचं लिहिलेलं काही नाही. चारही शुभवर्तमानांत कबरेपाशी आधी बायका पोचतात, पण या यादीत त्या नाहीत. बाईच्या साक्षीला त्या समाजात वजन नव्हतं, म्हणून रचलेल्या गोष्टीत कुणी त्यांना पुढं केलं नसतं, हा मुद्दा मला पटतो. पण यादीत त्या का नाहीत, याचं उत्तरही त्याच मुद्द्यात दडलेलं असेल.

घुसडलेल्या नावाचा दाखला हवा तर मार्क १६ उघड. वचन ८ ला बायका थरथरत कबरेपासून पळतात आणि भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. पुढची ९ ते २० ही बारा वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या जुन्या प्रतींत नाहीतच. भाषाही बदलते, मग्दालीया मरीया आधीच आलेली असताना ९ व्या वचनात तिची नव्यानं ओळख करून दिलीय. कुणाला तरी शेवट अपुरा वाटला आणि त्यानं तो भरून काढला. हे ऐकून आपली मंडळी बिथरतात. मला उलट धीर येतो: प्रती इतक्या आणि इतक्या ठिकाणच्या आहेत की भर घातलेली उघडी पडते. फक्त "पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं आहेत, म्हणून सगळं खरं" असं कुणी म्हटलं तर मान्य करू नकोस. हस्तलिखितांवरून मूळ मजकूर कळतो, घटना सिद्ध होत नाही. शिवाय त्यातली बहुतेक मध्ययुगातली आहेत.

बाहेरचे साक्षीदार थोडेच. रोमन इतिहासकार तासितसनं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलंय की सम्राट तिबेरियाच्या राज्यात रोमन सुभेदार पिलातानं ख्रिस्ताला देहदंड दिला. यहुदी इतिहासकार योसेफसचा प्रसिद्ध उतारा मात्र अख्खा वापरू नकोस, त्यात ख्रिस्ती नकलकारांनी भर घातलीय. याकोबाला "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ" म्हणणारं त्याचं दुसरं वाक्य जास्त विश्वासाचं. लूकची शिरगणतीची अडचणही खरी आहे: तो येशूचा जन्म राजा हेरोदाच्या काळात आणि रोमन सुभेदार क्विरीनियच्या शिरगणतीच्या वेळी सांगतो, पण हेरोद वारला इ. स. पूर्व ४ मध्ये, क्विरीनियची शिरगणती इ. स. ६ ची. त्यावर दिलेली उत्तरं मला ओढूनताणून वाटतात.

दुसऱ्या बाजूचे कच्चे दावेही ओळख. ख्रिस्त हे नाव कृष्णावरून आलेलं नाही. "अभिषिक्त" या अर्थाचा तो ग्रीक शब्द आहे. नव्या कराराची पुस्तकं ३२५ च्या नायसिया इथल्या धर्मसभेत मतदानानं ठरली नाहीत. तीच २७ पुस्तकं नेमकी मोजून देणारं बिशप अथनासियसचं पत्र ३६७ चं. आणि कथेत भर पडली म्हणून येशू नावाचा माणूसच नव्हता, हे तर मुळीच नाही. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णावर गीगी पदं (लोकगीतं) कितीही रचली गेली, तरी २६ जानेवारी १८३१ ला नंदगडात त्याला फाशी झाली ती झालीच.

मग उरतं काय? येशू वधस्तंभावर मेला, आणि तो आपल्याला दिसला अशी शिष्यांची लवकरच पक्की खात्री झाली. एवढं ख्रिस्ती नसलेले अभ्यासकही बहुतेक मान्य करतात. ती खात्री कशानं झाली, तिथं वाद आहे. शोकातला भास म्हण, तर पेत्राला लागू पडेल. छळ करणाऱ्या पौलाला तो लावणं मला जड जातं. प्रेत चोरलं म्हण, तर कबर रिकामी होते, पण दर्शनांचा उलगडा होत नाही. देव असू शकतो एवढं ज्याला आधीच शक्य वाटतं, त्याला पुनरुत्थान हा सर्वांत सरळ उलगडा वाटेल. ज्याला ते अशक्यच वाटतं, तो कुठलाही दुसरा उलगडा घेईल. मी पहिल्यातला आहे, आणि हे शेवटचं पाऊल कागदानं टाकलेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

भेटण्याआधी एवढं कर. दोनशे पानी वहीत आडवे चार रकाने आख: मार्क १६ (८ पर्यंतच), मत्तय २८, लूक २४, योहान २०. कोण गेलं, केव्हा, कबरेत कोण दिसलं, कुणाला सांगितलं, हे प्रत्येकाचं वेगळं उतरव. मार्कात एक तरुण, मत्तयात एक देवदूत, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. ते जुळवायला जाऊ नकोस, आहे तसं लिही. चारही रकान्यांत जे सारखं येईल त्याखाली लाल रेघ मार आणि वही घेऊन ये. इकडं पाऊस लागून राहिलाय, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दाविद